फ्लॅट तुमचा, जिना सगळ्यांचा : कोल्हापुरात अपार्टमेंटमध्ये पहिल्यांदाच राहायला येताय त्यांच्यासाठी

पाचगाव, कळंबा, आर. के. नगर, उजळाईवाडी, कुठंही जावा, बिल्डिंगावर बिल्डिंगा उठायल्यात, आणि त्यात येणारी बरीचशी मंडळी आयुष्यात पहिल्यांदाच फ्लॅटमध्ये येतायत. कुणी गावाकडच्या घरातनं, कुणी पेठेतल्या जुन्या घरातनं. तिथं भिंत आपली, अंगण आपलं, खिळा कुठं मारायचा ते आपण ठरवणार. इथं तसं नसतंय. त्यात आपल्या कोल्हापूरची सवय अशी की सगळा कारभार तोंडी, "आपलाच माणूस हाय, लाव की गाडी तिथं". दोन वर्षांनी तो आपला माणूस फ्लॅट विकून पुण्याला जातो, नवीन मालक येतो आणि म्हणतो, कागद दाखवा. मग सुरू. म्हणून खाली जे काही लिहिलंय त्यात माझा हट्ट एकच आहे, कुठला कागद तुमच्या बिल्डिंगला लागू होतो ते बघा आणि जे ठरेल ते लिहून घ्या. बाकी सगळं त्यातनंच येतंय.

१. आधी बघा, बिल्डिंग सोसायटी आहे की अपार्टमेंट

बोलताना आपण दोन्हीला सोसायटीच म्हणतो, पण कायद्यात ही दोन वेगळी घराणी आहेत. गृहनिर्माण सोसायटी चालते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 वर. तिथं जमीन आणि बिल्डिंग संस्थेच्या नावावर होते, तुम्ही सभासद, तुमच्याकडं शेअर सर्टिफिकेट, आणि रोजच्या नियमांचं पुस्तक म्हणजे उपविधी, ज्याला सगळे बायलॉज म्हणतात. अपार्टमेंट चालते महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट 1970 वर. तिथं बिल्डर किंवा जागामालक घोषणापत्र नोंदवतो, ज्याला डीड ऑफ डिक्लेरेशन म्हणतात, आणि तुम्हाला डीड ऑफ अपार्टमेंट मिळतं. म्हणजे फ्लॅटचे तुम्ही थेट मालक, आणि जमीन, जिना, टेरेस, टाकी, लिफ्ट यांच्यात तुमचा अमुक इतके टक्के अविभक्त हिस्सा. तो टक्का कागदावर छापलेला असतो. तो तेवढा वेगळा काढून विकता येत नाही, फ्लॅट गेला की त्याच्याबरोबरच जातो.

कोल्हापुरात घोषणापत्रवाल्या अपार्टमेंट भरपूर आहेत, आणि त्यातल्या रहिवाशांना विचारा घोषणापत्र वाचलंय काय, तर निम्मे म्हणतील ते बँकेत आहे. लोनच्या फाइलमध्ये गेलं ते गेलं. बँकेतनं झेरॉक्स मागून घ्या, देतात. किंवा दुय्यम निबंधक कार्यालयातनं नक्कल काढा. चाळीस पानं असली तरी एका रविवारी बसून वाचायचीच, विशेषतः सामाईक जागा कुठल्या, राखीव जागा कुणाला दिल्यात, टेरेस कुणाचं लिहिलंय, पार्किंगचं काय लिहिलंय, हे.

हा फरक कामाला कुठं येतो ते पुढं मेंटेनन्समध्ये कळेलच.

२. सामान आणण्याआधी कागद

जुना फ्लॅट घेत असाल तर पहिलं, मागची बाकी नाही असा दाखला कमिटीकडनं लेखी घ्या. अपार्टमेंटच्या कायद्यात स्पष्ट आहे की आधीच्या मालकाची सामाईक खर्चाची थकबाकी असेल तर घेणाराही त्याच्याबरोबर जबाबदार धरला जातो, आणि किती बाकी आहे त्याचा हिशोब मागायचा हक्क घेणाऱ्याला आहे. तोंडी "काही नाही हो, किरकोळ असेल" यावर जाऊ नका, ते किरकोळ कधी कधी रंगकामाच्या वर्गणीसकट निघतंय.

सोसायटीत असाल तर शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर करून घ्या. ट्रान्सफरला कमिटी प्रीमियम, म्हणजे नाव बदलायचं शुल्क, मागते, तो महापालिका हद्दीत 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही, आणि घरातल्याच माणसाच्या नावावर होत असेल तर प्रीमियमच नाही. वर परत देणगी म्हणून मागितलं तर कशाच्या आधारे ते लेखी मागा, बहुतेकदा विषय तिथंच मिटतो.

मग खरेदीखत, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), लाइटबिल नावावर, घरफाळ्याला नाव लावणं, पाणीपट्टीचं बघणं. शहरात असाल तर महापालिका, पाचगाव-कळंब्याकडं असाल तर ग्रामपंचायत. हद्दवाढीची चर्चा आपण लहानपणापासून ऐकतोय, ती होईल तेव्हा होईल, आज तुमचा घरफाळा कुणाकडं भरायचा ते आज विचारा.

आणि नॉमिनी. फॉर्म भरा आणि कमिटीकडनं पोच घ्या. फक्त नॉमिनी म्हणजे मालक असा समज करून घेऊ नका, तो कागद तात्पुरता आहे, खरा हक्क वारसांचा. त्यापायी भावाभावांत बोलणं बंद झालेली घरं प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी सापडतंय.

३. मेंटेनन्स, म्हणजे सगळ्या भांडणांची आई

नवीन माणसाला वाटतं मेंटेनन्स म्हणजे एक आकडा, दर महिन्याला द्यायचा. त्याच्या आत काय काय आहे ते बघा. सोसायटीच्या आदर्श उपविधीप्रमाणं, म्हणजे सहकार खात्यानं दिलेल्या नमुना नियमांप्रमाणं, वॉचमन, झाडलोट, जिन्यातली लाइट, ऑफिसचा खर्च असला सेवा आकार सगळ्या फ्लॅटना सारखा. म्हणजे वन बीएचके आणि थ्री बीएचके दोघांना तेवढाच. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी 0.75 टक्के, जमिनीची किंमत सोडून. समजा तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च 12 लाख धरला तर वर्षाला 3,000 आणि 9,000. हा आकडा ऐकून लोक कमिटीवर ओरडतात, पण जिथं हा निधी साठलेला नाही तिथं लिफ्टचं मशीन गेलं की प्रत्येकाच्या दारात जाऊन एकदम पंधरा-वीस हजार मागायला लागतात, आणि दोघं देत नाहीत, मग लिफ्ट सहा महिने बंद. त्यात चौथ्या मजल्यावरच्या आजी अडकून पडतात.

अपार्टमेंटमध्ये मात्र कायदा सांगतो की सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यानं वाटायचा. म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. प्रत्यक्षात बऱ्याच अपार्टमेंटमध्ये सुरुवातीपासून सगळ्यांकडनं सारखे पैसे घ्यायची पद्धत पडून गेलेली असते आणि ती तशीच चालते, जोपर्यंत कुणीतरी लहान फ्लॅटवाला कायदा वाचत नाही. मग मोठ्या फ्लॅटवाले म्हणतात, "इतकी वर्षं चाललंय की, आताच काय झालं?" माझं मत विचाराल तर जे घोषणापत्रात आहे तेच करावं, पटत नसेल तर सभेत बसून चर्चा करा, पण तुम्हीच नवीन आहात तर पहिल्याच महिन्यात हा विषय काढून बिल्डिंगचे दोन तट पाडू नका. आधी हिशोब मागा, वाचा, मग बोला.

"मी तळमजल्याला राहतोय, लिफ्टचे पैसे का देऊ?" याचं उत्तर दोन्हीकडं एकच. सोसायटीच्या उपविधीत लिहिलंय की लिफ्टचा खर्च त्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी सारखा द्यायचा, वापरा नाहीतर न वापरा. आणि अपार्टमेंटच्या कायद्यात आहे की सामाईक सोय मी वापरत नाही म्हणून खर्चातनं सुटता येत नाही, फ्लॅटला कुलूप असलं तरीसुद्धा. विषय संपला.

थकवलं तर सोसायटी सरळ व्याजानं वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्क्यांपर्यंत आकारू शकते, दर सभेत ठरलेला पाहिजे. त्यानंतरही नाही भरलं तर उपनिबंधकाकडनं, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडनं, वसुली दाखला, मग जप्तीपर्यंत जातंय. पाणी तोडणं, बोर्डावर फोटो लावणं असले पराक्रम कमिटीनं करू नयेत, आणि तुमच्यावर कुणी केले तर गप्प बसू नका.

नवीन बिल्डिंग असेल तर अजून एक. ताबा देताना बिल्डरनं एकरकमी मेंटेनन्स डिपॉझिट घेतलेलं असतं. त्याचा हिशोब कमिटी स्थापन झाल्या झाल्या लेखी मागायचा. रेरात, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडं, नोंद झालेल्या प्रोजेक्टमध्ये ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो, त्यामुळं भेगा-गळती दिसली की तारखेचा फोटो आणि ईमेल. फोनवर "पाठवतो की माणूस" ऐकत बसलात तर ती 5 वर्षं कधी सरली कळत नाही.

४. पार्किंग

ओपन पार्किंग आणि स्टिल्टमधलं, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरनं वेगळं विकायची वस्तू नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2010 सालीच सांगितलंय. तरीपण "दोन लाख जादा देऊन घेतलंय मी" म्हणणारा एक जण असतोच, आणि त्याच्याकडं कागद म्हणजे वहीच्या पानावर काढलेला चौकोन. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर सोसायटीत दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायची सोय उपविधीत आहे. अपार्टमेंटमध्ये घोषणापत्र बघा.

नवीन आलाय तर पहिल्या दिवशी सेक्रेटरींना विचारा, "साहेब, माझी जागा कुठली ते नकाशावर मार्क करून द्या". आणि पाहुणे गाडी घेऊन आले तर रस्त्यावर लावायला सांगा. दुसऱ्याच्या जागेत "पाच मिनटं हाय" म्हणून लावलेली गाडी जेवण होऊन पान खाऊन झाल्यावरच निघते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगचं कनेक्शन स्वतःच्या मीटरवरनं, लेखी अर्ज देऊन, चांगल्या इलेक्ट्रिशियनकडनं. जिन्यातल्या सामाईक लाइटच्या बोर्डातनं वायर ओढायची नाही.

५. आत काम काढताना, आणि गळती

रंग, फर्निचर, किचनच्या ट्रॉल्या, खुशाल करा. फोडाफोडी असेल तर आधी कमिटीला पत्र, काय फोडणार, किती दिवस, कुठला कंत्राटदार. कॉलम, बीम, स्लॅबला हात लावायचा नाही. अपार्टमेंट कायद्यात तर बिल्डिंगच्या मजबुतीला धोका होईल असं काम करायला बाकीच्या सगळ्या मालकांची संमती लागते, सगळ्यांची, बहुमत नाही. बाल्कनी हॉलमध्ये घेणं, बाथरूम हलवून तिथं देवघर करणं हे गवंडी एका शब्दात "होतंय की साहेब" म्हणतो, त्याचं काय जातंय. राबीट, डेब्रिज लिफ्टनं उतरवू नका, दारात दोन दिवसाच्या वर ठेवू नका, दुपारी एक ते चार ब्रेकर बंद ठेवायला सांगा, शेजारी आयुष्यभर चांगलं म्हणतील.

आता गळती, कारण नवीन माणसाचं पहिलं भांडण बहुतेक यावरनंच होतं. नियम सोपा आहे, बाहेरच्या भिंतीतनं, टेरेसवरनं, पावसाचं, किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातनं पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीनं करायची. वरच्या फ्लॅटच्या बाथरूम, संडास, सिंकमधनं येत असेल तर वरच्या मालकानं. अवघड असतं ते कुठनं येतंय हे ठरवणं. खालचा म्हणतो तुमच्याकडनं, वरचा म्हणतो टेरेसवरनं, आणि कोल्हापूरचा पाऊस जून ते सप्टेंबर दोघांनाही खरं ठरवतो.

म्हणून भांडायच्या आधी हे करा. उन्हाळ्यात, पाऊस नसताना, खालच्या छताला जो ओला डाग आहे त्याच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारा आणि तारीख घाला. वरच्या बाथरूमच्या नाहणीची जाळी काढून ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपात, कापडाचा घट्ट बोळा बसवा, फरशीवर दीड-दोन इंच पाणी भरा, त्यात थोडा रंग टाकला तर उत्तम, आणि चोवीस तास कुणी वापरायचं नाही. दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या बाहेर गेला किंवा रंग उतरला तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही गेला तर बोळा काढून पाणी एकदम सोडा आणि खाली टॉर्च घेऊन थांबा, आता थेंब आला तर ट्रॅपचा जॉइंट. हे वरच्या वहिनींना नीट समजावून, दोघांच्या आणि सेक्रेटरीच्या समोर करायचं. मग कोण देणार यावर वाद राहत नाही, नुसता दराचा राहतो.

जुन्या बिल्डिंगमध्ये घेताय तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं विचारा. उपविधीप्रमाणं 15 ते 30 वर्षांच्या बिल्डिंगला 5 वर्षांतनं एकदा आणि 30 च्या वर असेल तर 3 वर्षांतनं एकदा करायचं असतंय.

६. रोजचं

रात्री 10 ते सकाळी 6 आवाज बंद, हा नियम बिल्डिंगचा नाही, कायद्याचा आहे. चपलांचं स्टँड, कुंड्या, सायकल जिन्यात ठेवायची नाही, आग लागली तर तोच एक रस्ता. टेरेस सगळ्यांचं, वरच्या मजल्यावाल्यानं कुलूप घालून किल्ली खिशात ठेवायची नाही. ओला-सुका कचरा वेगळा करून गाडी यायच्या वेळेला खाली. कुत्रं पाळायला कमिटी बंदी घालू शकत नाही, लिफ्टही अडवू शकत नाही, पण त्यानं केलेली घाण तुम्हीच उचलायची, वॉचमन मामांनी नाही.

खाण्यापिण्यावरनं वाद आपल्याकडं फारसा होत नाही, रविवारी सकाळी लिफ्टमध्ये चार जण असतील तर तिघांच्या हातात मटणाची पिशवी असते. त्रास होतो तो नंतर, तांबड्या रश्श्याची चरबी आणि हाडकं सिंकमध्ये गेली की. ती तुमच्या पाइपात अडकत नाहीत, खाली जाऊन सगळ्यांच्या पाइपात थिजतात आणि चेंबर उलटं भरतं ते तळमजल्यावाल्या काकांच्या बाथरूममध्ये. भांडं आधी कागदानं पुसा, मग धुवा.

७. पूर

हे पुण्या-मुंबईच्या नियमांच्या पुस्तकात नसतंय, इथं लागतंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटाला गेली की इशारा पातळी, 43 ला धोका. 2019 आणि 2021 ला शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा या भागात पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या रहिवाशांना विचारा, बऱ्याच बिल्डिंगांच्या भिंतीवर खुणा करून ठेवल्यात. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर म्हणून निवांत राहू नका, बिल्डिंगचा जीव सगळा खालीच असतोय, मीटरबोर्ड, पंपाची मोटर, पाण्याची जमिनीतली टाकी, लिफ्टचा खड्डा आणि गाड्या.

तुमच्या बिल्डिंगमध्ये कोण काय करणार हे जूनमध्येच ठरवून नोटीस बोर्डावर लावा, जुलैत बंधाऱ्याचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरायला लागले की कुणाचं डोकं चालत नाही. इशारा पातळीला गाड्या बाहेर, उंचावरच्या पाहुण्याकडं. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन स्विच बंद. वरची टाकी भरून घ्यायची आणि मग मोटर सोडवून वर. बाहेरगावी असणाऱ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या कुणाकडं आहेत ते माहिती पाहिजे. मीटरबोर्डाला पाणी लागायच्या आत महावितरणला कळवून सप्लाय बंद करून घ्यायचा, स्वतः पाण्यात उतरून फ्यूज काढायला जायचं नाही. आणि प्यायचं पाणी साठवा, कारण मागच्या दोन्ही पुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेली आणि सगळीकडं पाणी असून नळ कोरडे होते. पूर ओसरल्यावर जमिनीतली टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून धुतल्याशिवाय ते पाणी वर चढवायचं नाही.

या खर्चाचं काय? टँकर, मोटर रिवाइंडिंग, चिखल काढणं, हे सामाईक खर्चातनं. तुमची गाडी बुडाली तर तुमची.

८. भाड्यानं देणार असाल तर

सोसायटीत भाडेकरू ठेवायला परवानगी लागत नाही, आधी कळवायला लागतंय, आणि नोंदणीकृत भाडेकराराची प्रत व पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. बिगर भोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे पैसे, सेवा आकाराच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. सेवा आकार महिन्याला 1,200 असेल तर 120, हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. फ्लॅट नुसता बंद असेल किंवा आई-वडील, मुलं राहत असतील तर काहीच नाही.

९. सभा, आणि पटलं नाही तर

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला पाहिजे, नोटीस पूर्ण 14 दिवस आधी. जावा. गणपतीच्या वर्गणीच्या मिटिंगला सगळे असतात आणि ऑडिट रिपोर्टच्या सभेला सात जण, मग वर्षभर जिन्यात उभं राहून हिशोबावर चर्चा. सभासदांपैकी एक पंचमांश जणांनी लेखी मागणी केली तर कमिटीला महिन्याच्या आत विशेष सभा लावावी लागते, हे फार कमी लोकांना माहिती आहे.

तक्रार करायची तर व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, पत्र. आधी सेक्रेटरीला. उत्तर नाही आलं तर विषयाप्रमाणं दार वेगळं. सोसायटीत हिशोब दाखवत नाहीत, निवडणूक घेत नाहीत, कागदांच्या नकला देत नाहीत यासाठी उपनिबंधक, सहकारी संस्था. सभेचा ठराव, गळती, पार्किंग वाटप असला वाद सहकार न्यायालयात. बेकायदा बांधकाम महापालिकेकडं. दमदाटी, रात्रीचा दंगा पोलिसांत. बिल्डरनं करारात लिहिलेलं दिलं नाही तर रेरा किंवा ग्राहक आयोग. अपार्टमेंटवाल्यांनी घोषणापत्रासोबतचे उपविधी घेऊन आधी वकिलाला दाखवावं, कारण सोसायटीचे सगळे रस्ते तिथं जसेच्या तसे लागत नाहीत.

पत्राच्या दोन प्रती काढायच्या, एकीवर तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा. घ्यायला नकार दिला तर दारात वाद घालत उभं राहू नका, पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा, बिल्डिंगच्या पत्त्यावर, सेक्रेटरीच्या नावानं, आणि ती पावती शेअर सर्टिफिकेटच्याच फाइलमध्ये लावून ठेवा.